मेरी स्टुअर्टच्या मुली आणि मर्लिन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

इंग्रजी कादंबरीकार मेरी स्टुअर्टवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की आर्थर राजाच्या दंतकथांमधला जादूगार मर्लिन, त्याच्यावरच्या तिच्या कादंबऱ्या ठीक, पण तिच्या रहस्य-प्रेमकथा त्याच पंगतीला बसवणं पटत नाही. त्यांतल्या मुली रम्य ठिकाणी जातात, संकटात सापडतात आणि नायक येऊन सोडवतो. दोन दिवस ही प्रतिक्रिया मनात घोळत होती. मला ती मान्य नाही.

'नाइन कोचेस वेटिंग' (१९५८) घ्या. लिंडा मार्टिन फ्रान्समधल्या एका वाड्यावर नऊ वर्षांच्या फिलिपला सांभाळायला येते. आई फ्रेंच, त्यामुळे तिला भाषा उत्तम येते. पण घरच्यांना इंग्रज मुलगीच हवी म्हणून ते ती लपवते. तिच्यासमोर लोक बोलत राहतात आणि ती सगळं ऐकते. मुलाच्या जिवावर कोण उठलंय हे कळतं, तेव्हा तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो राउलही त्यात असेल अशी शंका तिला येते. त्याला विचारायलाही ती थांबत नाही. मध्यरात्री पोराला झोपेतून उठवते आणि घेऊन बाहेर पडते. प्रेम की पोर, हा निवाडा तिनं एकटीनं केलेला असतो. यात सोडवणारा नायक कुठे आहे?

आता मर्लिन. 'द क्रिस्टल केव्ह' १९७० ची, म्हणजे अशा कथा पंधरा वर्षं लिहून झाल्यावरची. व्होर्टिगर्न राजाचा बुरूज उभा राहत नाही, म्हणून बिनबापाच्या पोराचं रक्त पायाभरणीत शिंपा, असं त्याचे मांत्रिक सांगतात. (पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिका आठवली ना? तिथे तर नवराबायकोला जिवंत गाडलं म्हणतात.) ते पोर म्हणजे मर्लिन. टेकडीच्या पोटात पाणी साठलंय आणि त्यानंच पाया खचतोय हे त्यानं ओळखलेलं असतं. इथवर नुसतं निरीक्षण आणि हिंमत. मग मात्र अंगात यावं तशी भविष्यवाणी त्याच्या तोंडून निघते आणि आपण काय बोललो हे त्यालाच आठवत नाही. लिंडा आणि मर्लिन, दोघंही 'मी' म्हणून आपली गोष्ट सांगतात. दोघंही परक्या, धोक्याच्या घरात कान टवकारून वावरतात. लिंडा लिहिता लिहिता स्टुअर्टचा जो हात बसला, त्यानंच मर्लिन लिहिला असं मला मनापासून वाटतं.

तुमचा एक मुद्दा खरा आहे. मर्लिनच्या कादंबऱ्यांतली मॉर्गॉज, म्हणजे आर्थरची सावत्र बहीण, फार एकरंगी आहे, तिच्या दुष्टपणाला आतली बाजूच मिळत नाही. तेवढंच म्हणेन, की 'द लास्ट एन्चान्टमेंट'मधली (१९७९) मर्लिनची शिष्या निमू जुन्या कथेसारखी मर्लिनला फसवून कोंडणारी नाही. तो तिच्यावर प्रेम करतो आणि आपली विद्या राजीखुशीनं तिला देतो.

आणि तुम्ही 'द मून-स्पिनर्स'चं नाव घेतलंत, ते १९६४ च्या डिस्नेच्या चित्रपटावरून असेल, तर पुस्तक जरूर वाचा. तिथली निकोला शाळकरी पोर नाही, बावीस वर्षांची आहे, अथेन्सच्या वकिलातीत नोकरी करते. क्रीटच्या डोंगरात तिला गोळी लागलेला एक अनोळखी तरुण सापडतो, आणि रात्रभर त्याच्यापाशी थांबून त्याला ऊब देत जगवते ती निकोला.