शाबासकी मजुरीच्या जागी बसत नाही

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील जिनिंगवाल्यांच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदारांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो. माणूस पैशासाठी काम करत नाही हे मानसशास्त्राने सिद्ध केले आहे, म्हणून मजुरी वाढवण्यापेक्षा कौतुक करा, असे त्यात लिहिलेले असते आणि आधाराला मॅस्लो, हर्झबर्ग, हॉथॉर्न आणि डेसी ही चार नावे दिलेली असतात. यातील हॉथॉर्न हा अमेरिकेतील कारखाना, बाकीचे तिघे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. पंधरा हंगाम एका जिनिंगमध्ये मजुरांची हजेरी आणि हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, मी सांभाळला आहे. या चारही नावांचा तिथे चुकीचा वापर झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मॅस्लोचे उत्तर थोडक्यात देता येते. त्याच्या १९४३ च्या लेखात अन्न आणि सुरक्षितता या गरजा पायाशी आहेत, मानसन्मान त्यांच्या वर आहे. ज्या बाईचे आठवड्याचे तेल-मीठ बाजाराच्या दिवशी हाती पडणाऱ्या हप्त्यावर अवलंबून आहे, तिची मजुरी याच पायात मोडते.

हर्झबर्गच्या बाबतीत मात्र अर्धे वाक्य उचलले गेले आहे. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा अभ्यास अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. पगाराला त्याने 'आरोग्यघटकां'त बसवले. विहिरीचे पाणी स्वच्छ असल्याने कोणी पहिलवान होत नाही, पण ते गढूळ झाले तर गाव आजारी पडते. या अर्थाने पगार नीट असला म्हणजे उत्साह आपोआप येतो असे नाही, परंतु तो अपुरा किंवा अन्यायाचा वाटला तर असंतोष हमखास येतो, असे त्याचे म्हणणे होते. यातून मजुरी बिनमहत्त्वाची ठरत नाही, उलट ती पहिली अट ठरते. शिवाय दरमहा पगार घेणाऱ्या सुशिक्षित नोकरदारांवरून काढलेला निष्कर्ष रेच्यात, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रात, कापूस टाकणाऱ्या हंगामी मजुराला जसाच्या तसा लावणे मुळातच योग्य नाही.

एका हंगामात आमच्याकडे तीन आठवड्यांचा हप्ता थकला होता, आणि त्याच काळात २६ जानेवारीला कवडी, म्हणजे खराब कापूस, वेचणाऱ्या बायांचा साडी-नारळ देऊन सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी निम्म्या बाया आल्या नाहीत. तुरीच्या सोंगणीला गेल्या, कारण तिथे संध्याकाळी रोख मिळत होते. त्यांना सत्काराची किंमत नव्हती असे कोणी समजू नये. त्यातील एका मावशीने ती साडी आजही जपून ठेवली आहे.

हॉथॉर्नच्या कारखान्यात नुसते लक्ष दिल्याने उत्पादन वाढले, हा समजही अपुरा आहे. टेलिफोनचे रिले नावाचे सुटे भाग जोडणाऱ्या ज्या मुलींचा दाखला दिला जातो, त्यांची वेतनपद्धतही प्रयोगात बदलली होती, आणि गटाच्या उत्पादनाचा मोबदला त्या लहान गटातच वाटला जात होता. दुसऱ्या एका गटात केवळ वेतनाची पद्धत बदलली, तेव्हाही उत्पादन वाढले, आणि जुनी पद्धत परत येताच ते घटले.

डेसीचा १९७१ चा प्रयोग या चार दाखल्यांत मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. मुळात आवडीने कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना पैसे देऊन नंतर ते बंद केले, तेव्हा त्यांची गोडी कमी झालेली दिसली, आणि शब्दांनी केलेल्या कौतुकाने मात्र ती टिकली. हे मी मान्य करतो. पण ती कोडी होती, पोटापाण्याचे काम नव्हते. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, धुळीत खोकत आठ तास बसणे कोणी विरंगुळ्यासाठी पत्करत नाही.

हप्ता थकला त्याच्या पुढच्या हंगामापासून आमच्याकडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हप्ता ठरल्याप्रमाणे मिळू लागला आणि दर फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिला जाऊ लागला. त्यानंतर रुई स्वच्छ निघाल्याचे मी सांगितले की त्याच बाया कोणत्या गंजीची, कोणत्या पाळीची, असे थांबून विचारू लागल्या.