बालादेवी आणि सात मॅचचा सीझन

परवा ताईच्या घरी गेले होते, तिथं भाचीच्या फुटबॉलवरून वाद चाललेला. भाची सोळा वर्षांची, फॉरवर्ड खेळते, डाव्या बुटाचा सोल सुटलाय तो फेविक्विकनं चिकटवून चिकटवून वापरते. ताईचं म्हणणं एकच, खेळून पुढं काय? मी नेहमीसारखी भाचीच्या बाजूनं बोलायला लागले आणि बालादेवीचं नाव घेतलं. ताई म्हणाली, बरं, तिचं तरी काय झालं ते सांग. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की ताईचा प्रश्न चुकीचा नाहीये.

न्गांगोम बालादेवी मणिपूरची, बिष्णुपूर जिल्ह्यातल्या इरेंगबाम गावची. २००५ मध्ये पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली, पुढं कॅप्टन झाली. आणि युरोपातल्या क्लबशी प्रोफेशनल करार कधी झाला? २९ जानेवारी २०२० ला, स्कॉटलंडच्या रेंजर्सशी. त्यानंतर चार दिवसांनी ती तीस वर्षांची झाली! भारताची कोणतीही महिला फुटबॉलपटू त्याआधी असा करार करून युरोपात गेली नव्हती. दहा नंबरची जर्सी मिळाली, आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले, मीपण केला. पण पंधरा ते तीस, म्हणजे पाय सगळ्यात जोरात चालतात ती वर्षं, तेव्हा तिचं घर कशावर चाललं? त्यातली बरीच वर्षं मणिपूर पोलिसच्या नोकरीवर. तिच्याआधी भारताची कॅप्टन असलेल्या बेंबेमदेवीचंही तेच, तीही मणिपूर पोलिसचीच. नोकरी होती म्हणून या दोघी टिकल्या, ते उपकार मी मानतेच, पण देशातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला खेळता यावं म्हणून वर्दी घालावी लागते हे मला पटत नाही.

आता २०१९ ची इंडियन विमेन्स लीग घ्या. लुधियानाला मे महिन्यात झाली, आपल्या कोल्हापूरची एफसी कोल्हापूर सिटीपण होती त्यात. बालादेवीनं मणिपूर पोलिसकडून २६ गोल मारले. सव्वीस! हा आकडा सगळे कौतुकानं सांगतात, मीपण सांगायचे. पण मॅच किती? गटातल्या पाच, एक सेमीफायनल, एक फायनल, बास. फायनल सेतू एफसीनं ३-१ नं जिंकली आणि तीन आठवड्यांच्या आत देशाची नॅशनल लीग संपली. सात मॅचमध्ये २६ गोल मारणाऱ्या बाईनं उरलेलं वर्षभर काय करायचं होतं? पुरुषांची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, तेव्हा महिनोन् महिने टीव्हीवर चालू असायची.

आणि तिशीत परदेशात गेली की काय होतं तेही बघा. गेली आणि दीड महिन्यात कोविडनं सगळं बंद. डिसेंबर २०२० मध्ये मदरवेलविरुद्ध सब्स्टिट्यूट म्हणून आत आली आणि रेंजर्ससाठी पहिला गोल मारला, ती मॅच त्यांनी ९-० नं जिंकली. मग २०२१ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं. वीस वर्षांच्या पोरीचं लिगामेंट गेलं तर एक वर्ष जातं, तिशीतल्या बाईचं गेलं की लोक करिअरच संपलं म्हणतात. २०२२ चा एशियन कप आपल्याकडे झाला, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात, तेव्हा ती टीममध्ये नव्हती, आणि टीमचंही कोविडमुळं एका मॅचवरच आटपलं.

ती मात्र परत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूला सॅफमध्ये, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत, पाकिस्तानविरुद्ध गोल मारला, तो तिचा भारतासाठी पन्नासावा. चौतिसाव्या वर्षी. मी तो गोल मोबाईलवर बघितला आणि खरं सांगते, रडले.

म्हणून मला प्रेरणा-बिरणा शब्दांचा राग येतो. पोरींना प्रेरणा कमी नाहीये, मॅच कमी आहेत. इंडियन विमेन्स लीग २०२३-२४ ला होम-अवे झाली, म्हणजे प्रत्येक टीमशी एक मॅच घरच्या मैदानावर, एक त्यांच्या, चांगलं झालं, पण त्या सीझनला टीम सातच, म्हणजे एका टीमला बाराच मॅच. खाली जिल्ह्यात तर आनंदच आहे. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांत, तालमीतालमींत फुटबॉलसाठी जीव टाकणारी माणसं, शाहू स्टेडियमवर पोरांच्या मॅचला पाय ठेवायला जागा नसते, तीच माणसं पोरींच्या मॅचला पन्नासही जमत नाहीत. मीही कितीदा गेले नाही, तेही कबूल करते. तालमींनी, मंडळांनी मनात आणलं तर पोरींची एक टीम उभी करणं अवघड आहे का? पोरांच्या एका परदेशी खेळाडूवर खर्च होतो त्यात पोरींचा सगळा सीझन निघेल असं मला वाटतं.

ताईला एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे नोकरी पाहिजेच. मी म्हटलं हो, आज तरी पाहिजेच, पोलीस भरतीचा फॉर्म अठरा झाल्यावर भरू दे, पण ट्रायल पण देऊ दे, दोन्ही करू दे. बरं बघू म्हणाली. पुढच्या महिन्यात ट्रायल आहे, मी रजा टाकलीय, मीच घेऊन जाणार तिला. त्याआधी नवे बूट.