“हो सिस्टर, घेतो की”

“हृदयाला औषधाची गोळी लागते, गप्पा नाहीत. दोन गोड शब्द बोलायला नर्सला सायकॉलॉजी कशाला शिकवता?” हा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांत नर्सेसही आहेत, म्हणून नर्सिंगची एक ट्यूटर या नात्याने लिहिते.

गोळी लागते, कबूल. पण ती पोटात जायला हवी ना! हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकणाऱ्या, एका आजोबांना विद्यार्थिनीने विचारलं, “गोळ्या वेळेवर घेता ना?” “हो सिस्टर, घेतो की.” पाय मात्र सुजलेले, बोट दाबलं की खड्डा. दुसरीने विचारलं, “बाबा, लघवीची गोळी कुठल्या दिवशी राहते?” अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढते ती ही गोळी. तेव्हा उलगडा झाला. एसटीने तालुक्याला जायचं असलं की गोळी बंद, कारण गाडी मध्ये थांबत नाही. बाजार, बँक, लेकीचं घर धरून आठवड्याचे तीन दिवस एसटीतच! डॉक्टरांना विचारून त्या दिवसांची गोळी घरी परतल्यावर घ्यायची ठरली. पहिल्या प्रश्नाला “हो”शिवाय उत्तरच नव्हतं. दुसरा प्रश्न सुचायला शिकावं लागतं.

गप्पांनी काय होतं? अमेरिकेत सेंट लुइसला सत्तरी गाठलेल्या २८२ हार्ट फेल्युअर रुग्णांवरचा अभ्यास १९९५ साली छापून आला. नर्सच्या पुढाकाराने समजावणं, आहार, औषधांची छाननी, घरी पाठपुरावा. ९० दिवसांत पुन्हा भरती व्हायची वेळ नेहमीच्या उपचारांच्या गटात ९४ वेळा आली, नर्सच्या गटात ५३ वेळा. सगळं श्रेय सायकॉलॉजीचं नव्हे, हेही खरं.

आमच्या बाजूचे लोकही वाहवत जातात. “मन प्रसन्न तर हृदय ठणठणीत” असं शिकवू नका. हार्ट अटॅकनंतर खचलेल्या किंवा एकट्या पडलेल्या २,४८१ रुग्णांवरच्या ‘एनरिच्ड’ चाचणीत (२००३) समुपदेशनाने उदासी थोडी कमी झाली. मृत्यू किंवा दुसरा अटॅक काही कमी झाला नाही.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात सायकॉलॉजी पहिल्याच सेमिस्टरला येते, वॉर्ड नीट पाहण्याआधी, आणि व्याख्यांच्या पाठांतरात संपते. ही तक्रार असेल तर मी तुमच्याच बाजूची.

राहिले गोड शब्द. “टेन्शन घेऊ नका” याइतका गोड आणि निरुपयोगी शब्द वॉर्डात दुसरा नाही. माँट्रियलच्या १९९३ च्या अभ्यासात अटॅकनंतर नैराश्य असलेले रुग्ण सहा महिन्यांत जास्त दगावले. म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, ताट न उघडलेल्या माणसाला विचारायचं: गेले दोन आठवडे मन उदास असतं का? कशात रस वाटेनासा झालाय का? उत्तर “हो” आलं तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं. परवाच्या रात्रपाळीच्या रिपोर्टात अशाच एकापुढे लिहिलं होतं, “पेशंट शांत, तक्रार नाही.”