नव्या स्विफ्टच्या तीन सिलिंडरांविषयी खुलासा

‘२०२४ च्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडर आल्यामुळे गाडीचा पिकअप सगळीकडेच मेला,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे. इंजिनाची कमाल शक्ती सुमारे ९० पीएसवरून ८२ पीएसवर आली, हे खरे. परंतु टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ११३ न्यूटन-मीटरवरून जेमतेम ११२ वर आला असून तो किंचित कमी आरपीएमला (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळतो, म्हणून सिग्नलवरून निघताना किंवा दुसऱ्या गिअरमध्ये गतिरोधक ओलांडून पुन्हा वेग घेताना गाडी मरगळलेली वाटण्याचे कारण नाही. घटलेली शक्ती जाणवते ती वरच्या आरपीएमला, म्हणजे भरलेल्या गाडीने घाटात ट्रकला ओलांडताना, आणि तिथे जुने इंजिनच सरस आहे, हे मान्य करायलाच हवे. गाडी उभी असताना गिअरच्या दांड्यावर जाणवणारी थरथर ही तीन सिलिंडरांच्या रचनेतून येते. तो बिघाड नव्हे. मॅन्युअल गाडीचे प्रमाणित मायलेज मात्र लिटरला २२.३८ वरून २४.८ किलोमीटरवर गेले. शिवाय सहा एअरबॅग सर्व प्रकारांत मिळू लागल्या, आणि माझ्या मते हीच या पिढीतली सर्वांत मोलाची सुधारणा आहे.