यादीत नाव नव्हतं म्हणून धोका नव्हता?

पावसाळा लागला की मोबाइलवर हा युक्तिवाद पुन्हा फिरू लागतो: 2023 मध्ये दरडीखाली गाडली गेलेली रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, मग कुणी काय करणार? निसर्ग गरीब-श्रीमंत बघत नाही. आणि लोकांनी डोंगराखाली राहायचंच कशाला? तिन्ही मुद्दे मला चुकीचे वाटतात.

आधी यादी. खालापूर तालुक्यातल्या या ठाकर आदिवासींच्या वाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. वाडी यादीत नव्हती, हे खरं. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशभरासाठीचे दरडप्रवणतेचे नकाशे 1:50,000 प्रमाणाचे आहेत. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पन्नासेक घरांची वाडी त्यावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर भरेल. कुठला डोंगरपट्टा तपासायचा, एवढं असा नकाशा सांगतो. कुणाचं घर ओघळाच्या तोंडाशी आहे, हे चालत गेल्याशिवाय कळत नाही. जमिनीला पडलेली भेग, कललेली झाडं, झऱ्याला अचानक येऊ लागलेलं गढूळ पाणी या खुणा रोज गुरं घेऊन वर जाणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसतात. त्याला कुणी विचारतं का? आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 31 प्रमाणे जिल्ह्याच्या आराखड्यात असुरक्षित भाग नोंदवावे लागतात आणि आराखडा दरवर्षी तपासून सुधारावा लागतो. यादीत नाव नसणं ही सबब होऊच शकत नाही. तपासणी अपुरी पडली, याचाच तो पुरावा आहे.

निसर्ग भेद करत नाही म्हणे. पाऊस नसेल करत. पण इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावाला निघालेली माणसं अंधारात, पावसात, निसरड्या वाटेने पायी चढली. अवजड यंत्रं वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्याने माती उपसावी लागली. तेवढीच दरड डांबरी रस्त्यालगतच्या वस्तीवर आली असती, तर पहिले काही तास फार वेगळे गेले असते. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हा बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या ठिकाणी त्याला गावच दिसेना. तिथे दीडशेहून अधिक माणसं गेली. म्हणून रस्ता, मोबाइलची रेंज, रात्री वस्तीत म्हातारी माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कोण, त्यांना उचलून कोण नेणार, हे सगळं पावसाच्या आकड्यांइतकंच मोजायला हवं.

राहिला तिसरा मुद्दा. डोंगराखाली हौसेने कुणी राहत नाही. रान तिथे, भातखाचरं तिथे, गुरं तिथे. खाली जागा असतेच असं नाही. शिवाय जुलै म्हणजे ऐन लावणीचे दिवस. अशा वेळी घर सोडा म्हणणाऱ्या नोटिशीत गुरं कुठे बांधायची आणि रोज लावणीला परत कसं यायचं, एवढं तरी लिहिलेलं असावं.