मूर्तींनी जंगल खाल्लं नव्हतं

दरवर्षी ५ जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. सोबत फोटो: गवताळ उतारावर मानेपर्यंत मातीत गेलेली लांबोडकी दगडी तोंडं. खाली गोष्ट. प्रशांत महासागरातल्या ईस्टर आयलंड नावाच्या बेटावर घनदाट जंगल होतं. लोकांना मोठमोठ्या मूर्ती उभारायचं वेड लागलं. मूर्ती ओंडक्यांवरून ढकलत न्यायला झाडं तोडली, तोडतच राहिले, शेवटचं झाडही तोडलं. मग होड्या बंद, मासे बंद, माती वाहून गेली, उपासमार झाली, आपसात लढाया पेटल्या, माणसं माणसांना खाऊ लागली आणि पंधरा-वीस हजारांची वस्ती संपली. शेवटी हात जोडलेली इमोजी आणि एक झाड लावण्याची विनंती.

झाड लावायला माझी काही हरकत नाही. पण ज्यांच्या नावावर ही गोष्ट खपते, ते लोक जिवंत आहेत. त्यांच्या बेटाचं नाव रापा नुई, आणि ते स्वतःला रापानुई म्हणवतात. २००५ साली एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकानं ही गोष्ट घराघरांत पोचवली. त्यानंतर वीसेक वर्षांत तिचा एकेक खांब ढासळला, मेसेजमधला स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही.

आधी जंगलाचं बघू, कारण तिथं मेसेज निम्मा खरा आहे. बेटावर जंगल होतं. ज्वालामुखींच्या विवरांतल्या तळ्यांच्या गाळात ताडासारख्या एका मोठ्या झाडाचे परागकण थरांवर थर सापडले आहेत. पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या इतर बेटांवरचे, दर्यावर्दी इथं साधारण इ.स. १२०० च्या सुमाराला उतरले, आणि १७२२ मध्ये पहिलं युरोपीय जहाज दिसलं तोवर जंगल बहुतांशी गेलेलं होतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की ते गेलं कशापायी.

एक तर शेतीपायी. झाडं पाडायची, जाळायची, राखेत लावणी करायची. सह्याद्रीच्या उतारांवर जिला कुमरी म्हणत, तीच ही पद्धत. दुसरं कारण होड्यांमधून आलेल्या छोट्या पॉलिनेशियन उंदराचं. ताडाच्या फळांसाठी त्याला फारसे स्पर्धक नव्हते आणि त्याला खाणारंही फारसं कुणी नव्हतं. उत्खननात सापडलेल्या फळांच्या करवंट्यांवर उंदरांच्या दातांच्या खुणा आहेत. हे झाड वाढायला दशकंच्या दशकं घेतं. जुनी झाडं माणसं जाळतायत आणि बी उंदीर खातायत, म्हटल्यावर नवीन झाड येणार कुठून? हवाईतल्या ओआहू बेटावरही काही भागांत माणसांची वस्ती व्हायच्या आधीच जंगल ओसरायला लागलं होतं, तिथंही संशयित हाच उंदीर.

शेवटच्या झाडाबद्दल. कुऱ्हाड घेऊन शेवटच्या ताडापुढे उभा राहिलेला माणूस हे चित्र कल्पनेतलं आहे. खरोखर शेवटचं म्हणावं असं झाड बेटावर होतं, पण ते ताडाचं नव्हे. तोरोमिरो नावाचं पिवळ्या फुलांचं ते झाड, ज्याच्या लाकडातून रापानुई लोक मूर्ती कोरत. त्याचं अखेरचं झाड रानो काऊ या ज्वालामुखीच्या विवरात तग धरून होतं आणि ते गेलं १९६० च्या आसपास, मेंढरं-गुरं बेटभर चरून झाल्यावर. थोर हेयरडाल या नॉर्वेच्या संशोधकाच्या १९५५-५६ च्या मोहिमेनं त्याचं बी नेलं होतं, म्हणून ते आज स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या वनस्पती उद्यानात तरी आहे. ती मेंढरं कुणाची, ते पुढे येईलच.

आता मूर्ती. त्यांना मोआई म्हणतात. त्या हजाराच्या घरात आहेत, त्यातल्या जवळजवळ चारशे रानो राराकूच्या खाणीतच राहिल्या. त्या कशा हलवल्या असं रापानुई लोकांना विचारलं की पिढ्यानपिढ्या उत्तर एकच: चालत गेल्या. पाहुणे यावर हसायचे. मग कुणी म्हणालं ओंडके, कुणी म्हणालं घसरगाडी, आणि ज्यांना काहीच पटेना त्यांनी परग्रहवासी आणले.

टेरी हंट आणि कार्ल लिपो या पुरातत्त्वज्ञांनी वाटेवर पडलेल्या मूर्ती नीट पाहिल्या. पूर्ण झालेल्या मूर्तींपेक्षा त्यांचा घाट वेगळा आहे: बुड रुंद, पुढची कड गोलसर, आणि उभी केली तर मूर्ती पुढे झुकते. चौथऱ्यावर, म्हणजे आहूवर, उभी करायची तर एवढा झोक चालणार नाही. तो तासून काढला जाई, आणि डोळ्यांच्या खोबणीही तिथं पोचल्यावरच कोरल्या जात. मग हा झोक कशासाठी? त्यांनी ४.३५ टनांची काँक्रीटची प्रतिकृती केली. डोक्याला तीन दोर बांधले, दोन दोन्ही बाजूंना, तिसरा मागे तोल धरायला. एका बाजूनं ओढलं की मूर्ती कलते आणि वळत अर्धं पाऊल पुढे टाकते, मग दुसऱ्या बाजूनं. घरातलं भरलेलं गोदरेजचं कपाट आपण असंच सरकवतो, या कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्यावर. अठरा माणसांनी तासाभराच्या आत ती सुमारे १०० मीटर चालवली. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. रापानुई भाषेत या प्रकाराला नेकेनेके असा शब्दही आहे. सगळ्या तज्ज्ञांना हे मान्य आहे असं नाही, ८०-८० टनांच्या मूर्तींबद्दल वाद चालू आहे. पण मूर्ती हलवायला जंगल लागतंच, हे गृहीतक आता चालणार नाही. दोर लागतात, आणि एका तालात ओढणारी माणसं.

उपासमारीचा मुद्दा मला सगळ्यांत रोचक वाटतो, कारण इथं पुरावा पायाखाली पडलेला आहे. बेटावर फिरणाऱ्याला ठिकठिकाणी नुसते दगड पसरलेले दिसतात. उजाड, ओसाड, असं म्हणून तो पुढे जातो. ती शेतं आहेत. झाडं गेल्यावर वारा माती सुकवायला लागला, तेव्हा लोकांनी ज्वालामुखीचे दगड फोडून वावरात पसरले, काही मातीतही मिसळले. दगडाखाली ओल टिकते, रात्रीचा गारवा आणि दिवसाची धग दोन्ही मवाळ होतात, फुटक्या दगडातून खनिजं हळूहळू झिरपतात. त्या फटींतून रताळी, अळू, कोनफळाच्या जातीचे कंद. मानावाई म्हणजे दगडी गडग्यांची गोल आळी. त्यांत वाऱ्यापासून जपलेली केळी आणि ऊस. कोंबड्यांना दगडी खुराडी. हे काम करणारा माणूस शेवटचं झाड पाडून हात झटकणारा वाटतो का तुम्हांला?

पंधरा-वीस हजारांच्या आकड्याला यातूनच आधार मिळत होता. दगडी शेतं खूप मोठ्या क्षेत्रावर आहेत असं उपग्रहचित्रांवरून धरलं, की एवढी माणसं बसतात. २०२४ मध्ये अधिक बारकाईच्या चित्रांवरून पुन्हा मोजणी झाली. जुन्या अंदाजांत ४ पासून २१ चौरस किलोमीटरपर्यंत शेतं होती, नवा आकडा ०.७६ चौरस किलोमीटर, आणि त्यावर साधारण ३,००० माणसं जगतील असा हिशोब. सुरुवातीच्या युरोपीय पाहुण्यांनीही याच आसपासचे अंदाज केले होते. म्हणजे वीस हजारांवरून तीन हजारांवर घसरण झालीच नसेल, लोक मुळात तेवढेच असतील. शिवाय हाडांच्या तपासणीतून दिसतं की प्रथिनांचा मोठा वाटा समुद्रातून येत होता. मासे बंद झाले नव्हते.

त्याच वर्षी जनुकांचाही निकाल लागला. पॅरिसच्या संग्रहालयात ठेवलेल्या १५ रापानुई व्यक्तींच्या अवशेषांतून जनुकं वाचली गेली, बेटावरच्या लोकांशी बोलून. वस्ती कोसळली असती तर वैविध्य आटल्याची खूण राहिली असती. सतराव्या शतकात तसं काहीच दिसत नाही. १८६० च्या दशकापर्यंत वस्ती हळूहळू वाढतच होती. आणखी एक गोष्ट त्यात निघाली: या लोकांच्या जनुकांत दहाएक टक्के वाटा अमेरिकेच्या मूळनिवासींचा आहे आणि तो मिसळला साधारण १२५० ते १४३० च्या दरम्यान, कोलंबस जन्मायच्या आधी. होड्या बंद पडून अडकलेले म्हणून ज्यांची कीव केली जाते, त्यांच्या पूर्वजांचा संबंध प्रशांत महासागराच्या पलीकडल्या किनाऱ्याशी आला होता.

लढायांचं काय? बेटावर काचेसारख्या काळ्या दगडाची हजारो पाती सापडतात, माताआ म्हणतात त्यांना. भाल्याची टोकं म्हणून ती दाखवली जातात. २०१६ मध्ये चारशेहून अधिक पात्यांचे आकार तपासले गेले. भोसकायला टोक लागतं, आणि यांना धड टोकच नाही. कुणी गोल, कुणी वेडंवाकडं. सोलणं, खरवडणं, कापणं, शेतात वापरणं असल्या कामाची हत्यारं. भांडणं झालीच नाहीत असं मी म्हणणार नाही, कुठल्या गावात होत नाहीत? मूर्ती पाडल्या गेल्या हेही खरं. पण केव्हा, ते पाहा. १७२२ च्या ईस्टर रविवारी डच कप्तान याकोब रोखेफेन पोचला तेव्हा मूर्ती उभ्या होत्या. १७७४ मध्ये इंग्रज कप्तान जेम्स कुकला काही आडव्या दिसल्या. आहूवर उभ्या मूर्तींची शेवटची नोंद १८३८ ची. पाडापाडीचा काळ बाहेरची जहाजं येऊ लागल्यानंतरचा आहे. आणि रोखेफेनच्या त्या पहिल्या भेटीत उतरल्या उतरल्या त्याच्याच माणसांनी गोळ्या झाडून दहा-बारा जण मारले. मेसेजमध्ये हे नसतं.

माणसं खाण्याबद्दल एवढंच: उत्खननात त्याचा भरवशाचा पुरावा नाही. शिव्यांवरून आणि उशिरा लिहिलेल्या ऐकीव कथांवरून कुणाच्या जेवणाचं अनुमान काढायचं, तर आपली मराठीही अडचणीत येईल.

मग वस्ती संपत आली ती कशानं? याला तारीख आहे. डिसेंबर १८६२. पेरूहून मजूर पकडायला निघालेली आठ जहाजं बेटाजवळ जमली. ऐंशीएक खलाशी किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी आरसे, मणी असल्या चिजा जमिनीवर मांडल्या. लोक बघायला गुडघे टेकून वाकले, तेव्हा इशारा झाला आणि त्यांना बांधायला सुरुवात झाली. त्या दिवशी दोनशेच्या आसपास माणसं नेली, पळणारी काही मारली. पुढच्या काही महिन्यांत चौदाशेच्या घरात. बेटावरचा किमान तिसरा हिस्सा. त्यात मुख्य घराण्यातली माणसं होती आणि रोंगोरोंगो ही लाकडी पाट्यांवरची लिपी वाचणारे जाणतेही. पेरूत ती बहुतेक मेली. ओरड झाल्यावर शंभरेक जणांना परत पाठवलं, वाटेत बहुतेक दगावले, पंधराएक जण उतरले. त्यांच्याबरोबर देवीची साथ उतरली.

रोंगोरोंगोवरून थोडं विषयांतर. आपल्याकडे या लिपीचं सिंधू लिपीशी नातं जोडणारी पोस्टही फिरते. ती कल्पना १९३२ सालची, गियोम द हेवेशी नावाच्या गृहस्थांची. सिंधू लिपी वापरातून गेली इ.स.पूर्व १९०० च्या सुमाराला, रापा नुईवर पहिला माणूस उतरला त्यानंतर तीन हजार वर्षांनी. काही चिन्हं सारखी दिसतात, बस्स. दोन्ही वाचता येत नाहीत एवढंच त्यांचं खरं साम्य. आणि यातली एक का वाचता येत नाही, ते वर आलंच आहे.

देवीनंतर क्षय, क्षयानंतर जाँ-बाप्तिस्त द्युत्रू-बोर्निए नावाचा फ्रेंच. त्यानं मेंढपाळीसाठी जमीन बळकावली, घरं जाळली. छळाला कंटाळून शेकडो लोक मिशनऱ्यांबरोबर मांगारेवा आणि ताहितीकडे गेले. १८७७ मध्ये शिरगणती झाली तेव्हा बेटावर १११ माणसं उरली होती. कुठल्या हव्यासानं वस्ती संपवली हे शोधायचंच असेल, तर त्याची कागदपत्रं इथं आहेत, लोकरीच्या हिशोबासकट.

१८८८ मध्ये चिलीनं बेट ताब्यात घेतलं आणि लवकरच ते मेंढ्यांच्या धंद्याला भाड्यानं दिलं. विल्यमसन-बाल्फर कंपनीच्या काळात हजारो मेंढ्या बेटभर मोकळ्या आणि रापानुई लोक हांगा रोआ गावात भिंतीच्या आत. बाहेर जायला परवानगी लागे. मेंढवाड्यांच्या भिंतींना दगड आले ते जुन्या आहूंचे आणि घरांचे. १९१४ मध्ये अंगाता नावाच्या म्हाताऱ्या बाईला स्वप्न पडलं की बेट आपलं आहे, देवानं सांगितलंय, गुरं आणा आणि जेवा. तिनं कंपनीच्या व्यवस्थापकाला तसं कळवलं आणि लोकांनी खरोखर गुरं आणून मेजवानी केली. युद्धनौका येऊन बंड मोडलं. कंपनी गेली १९५३ मध्ये, तिच्या जागी नौदल आलं. तरुण शिक्षक आल्फोन्सो रापू याच्या पुढाकारानं १९६४ मध्ये पुन्हा उठाव झाला, तेव्हा कुठं १९६६ च्या कायद्यानं या लोकांना मत देण्याचा हक्क मिळाला.

२०१७ च्या जनगणनेत बेटावर ७,७५० माणसं होती, त्यात निम्म्याच्या आसपास रापानुई. बेटावरचं राष्ट्रीय उद्यान त्याच वर्षापासून त्यांची स्वतःची संस्था चालवते. मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हा त्यांनी बेट बंद केलं. नगराध्यक्षांनी त्यासाठी नियमावलीतला शब्द न वापरता जुना शब्द वापरला, तापू, म्हणजे पवित्र मनाई. पर्यटकांची विमानं ऑगस्ट २०२२ पर्यंत आली नाहीत. पर्यटकांवर चालणारं गाव, पर्यटक बंद. लोकांनी परसात रताळी आणि केळी लावली.