वाचलेले 10 टक्के, पाहिलेले 30 टक्के: या तक्त्याला आधारच नाही

शिक्षकांच्या गटांत दर काही दिवसांनी एक रंगीत त्रिकोण फिरतो. वाचलेले 10 टक्के लक्षात राहते, ऐकलेले 20, पाहिलेले 30, पाहिलेले आणि ऐकलेले 50, स्वतः बोललेले 70 आणि स्वतः केलेले 90 टक्के. खाली बहुतेकदा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचे नाव असते. त्यावरून सोयीचा निष्कर्ष काढला जातो की पुस्तकापेक्षा व्हिडिओ पाचपट प्रभावी, तेव्हा व्हिडिओच दाखवा. प्रशिक्षणाच्या पीपीटीत हाच तक्ता असतो, शिकवणी अ‍ॅपच्या जाहिरातीतही असतो. तो खोटा आहे, आणि त्याच्या भरवशावर केलेल्या पाठांचे नुकसान मुलांना सोसावे लागते.

"हे संशोधनातून सिद्ध झाले आहे." सगळे आकडे दहाच्या पटीत आहेत, इथेच शंका यायला हवी. काय वाचायला दिले होते, कविता की गणिताचे उदाहरण? किती वेळाने विचारले, पाच मिनिटांनी की महिन्याने? मुलांना तो विषय आधीपासून किती येत होता? यातले काहीच तक्त्यात नसते. ते ठरवल्याशिवाय स्मरणाची टक्केवारी काढताच येत नाही.

"हे डेल यांनी सांगितले." ओहायो स्टेट विद्यापीठातले डेल यांनी 1946 साली 'ऑडिओ-व्हिज्युअल मेथड्स इन टीचिंग' या पुस्तकात अनुभवशंकू मांडला. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द. मूर्ताकडून अमूर्ताकडे माध्यमांची लावलेली ती उतरंड आहे आणि तिच्यात एकही टक्केवारी नाही. टक्केवारी छापून आली 1967 साली, डी. जी. ट्रायक्लर यांच्या एका लेखात, आणि तीही पुराव्याशिवाय. पुढे कुणीतरी ती शंकूला चिकटवली. डी.एड., बी.एड. केलेल्यांनी अनुभवशंकू परीक्षेसाठी घोकलेला असतो. ओळखीचा आकार दिसला की त्यातले आकडेही खरेच वाटतात. तक्ता टिकून राहण्याचे मोठे कारण हेच असावे.

"वाचलेले 10 टक्केच राहते." रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका वेळी उतारा दोनदा वाचायचा, दुसऱ्या वेळी एकदाच वाचून तो मिटायचा आणि आठवेल ते लिहायचे. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचणे पुढे होते: 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने चित्र पालटले: दोनदा वाचलेल्यातले 42 टक्के उरले, तर वाचून आठवून लिहिलेल्यातले 56. नुसत्या वाचनाचे सात दिवसांनी 42 टक्के! शिवाय दोन्ही वेळी माध्यम एकच, छापील मजकूर. वाचल्यावर डोक्याला काय काम दिले, यावर फरक पडला.

"चित्र, आवाज, मजकूर, संगीत जितके जास्त, तितके चांगले." सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबू या. चित्र आणि शब्द जोडीने दिले की समज वाढते, हे खरे आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी सायकलच्या पंपाचे अ‍ॅनिमेशन घेऊन ते सिद्ध केले. पण दट्ट्या खाली जाताना त्याच क्षणी त्याचे वर्णन ऐकू यायला हवे. आधी सगळे बोलून मग अ‍ॅनिमेशन दाखवले, तर फायदा घटतो. बोललेलीच वाक्ये पडद्यावर लिहिली तर डोळे मजकूर आणि चित्र यांच्यात वाटले जातात, आणि समज घटते. पार्श्वसंगीतानेही घटते. ऐकू कमी येणारी मुले, पाठाची भाषा घरची नसलेली मुले, नवी पारिभाषिक नावे, अशा वेळी मात्र पडद्यावरचा मजकूर अवश्य हवा.

बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे दृक्-श्राव्य साहित्य मोबाइलवर आले, हे चांगलेच झाले. आता ते वापरायचे कसे, हे पाहू. हृदयाचा पाठ घ्या. अठरा मिनिटांचा सलग व्हिडिओ असेल, तर त्याचे तीन तुकडे करा: चार कप्पे आणि झडपांची नावे, उजव्या बाजूने फुप्फुसांकडचा प्रवास, डाव्या बाजूने शरीराकडचा. नावे पहिल्याच तुकड्यात पक्की झाली, की पुढे मुले फक्त रक्ताच्या वाटेवर लक्ष देतात. पडद्यावर पूर्ण वाक्ये नकोत. 'उजवे अलिंद' (वरचा कप्पा), 'डावे निलय' (खालचा कप्पा) अशी नावे एवढेच, आणि तेही त्या भागाला लागून. कोपऱ्यात रंगांची यादी दिली की नजर हेलकावे खात राहते.

निळ्या रंगाकडे विशेष लक्ष द्या. ऑक्सिजन कमी असलेले रक्त आकृतीत निळे दाखवतात आणि बरीच मुले ते खरोखर निळे असते असे धरून चालतात. ते गडद लाल असते, निळा ही केवळ खूण आहे, हे आवाजात स्पष्ट सांगा. दुसरी चूक धमन्यांची. धमनी म्हणजे शुद्ध रक्त, असे पाठ केलेले मूल फुप्फुस धमनीपाशी अडते, कारण तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलेच रक्त असते. तिथे अ‍ॅनिमेशन थांबवा.

पाठ स्वतः रेकॉर्ड करत असाल, तर कॅमेऱ्याआधी आवाज सांभाळा. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. खोलीत मात्र भिंतींचा घुमारा तेवढाच राहतो, म्हणून लांबचा फोन शब्दांपेक्षा घुमाराच टिपतो. फोन हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा.

"केलेले 90 टक्के राहते." काय केले, त्यावर आहे. आकृतीत रंग भरणे हेही करणेच. त्याने रक्ताची वाट समजत नाही.

प्रत्येक तुकड्यानंतर पडदा बंद करून वहीत लिहायला लावा. उदाहरणार्थ, तिसऱ्यानंतर: फुप्फुसांतून परतलेले रक्त आधी कुठल्या कप्प्यात येते? डाव्या अलिंदात, हे उत्तर सगळ्यांचे लिहून झाल्यावरच दाखवा. तोच प्रश्न आठवड्याने, व्हिडिओ न लावता, पुन्हा विचारा. ज्यांचे चुकेल त्यांना फक्त तिसरा तुकडा पुन्हा दाखवा.